कालनिर्णयातून आलेल्या शिट्ट्या

जर्सी सिटीत घर भाड्यानं घेताना माणसं पाथ स्टेशन किती मिनिटांवर आहे ते विचारतात, हीटचं बिल कोण भरणार ते विचारतात, फार तर पार्किंगचं विचारतात. वरच्या मजल्यावर कोण राहतं हे कोणी विचारत नाही. आमच्या वर अकरा वर्षं एक निवृत्त शिक्षिका राहत होत्या आणि त्यांच्या चपलेचाही आवाज कधी खाली आला नाही. त्या मुलीकडे फ्लोरिडाला गेल्या आणि जानेवारीत तिथं एक तरुण राहायला आला.

आमचं घर जर्नल स्क्वेअरहून सात मिनिटांवर. नेवार्क अ‍ॅव्हेन्यूवरच्या इंडिया स्क्वेअरमधून कोथिंबीर चालत जाऊन आणता येते, हे त्याचं सगळ्यात मोठं सुख. तीन कुटुंबांचं लाकडी घर, शंभरी गाठलेलं, आणि आम्ही मधल्या मजल्यावर. नवा पाहुणा आल्यापासून रोज रात्री दीडच्या सुमाराला वरून ‘धप्प, धप्प’ सुरू व्हायचं. गाणं कुठलं ते कळायचं नाही, कारण गाणं वरच राहायचं, खाली फक्त डग्गा यायचा.

माझा नवरा इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस. त्यानं पहिल्याच आठवड्यात मला अंथरुणात बसून याचं कारण समजावून सांगितलं. पन्नास हर्ट्झच्या खर्जाची एक लहर जवळजवळ सात मीटर लांब असते. तिला पातळ भिंतीचं काही वाटत नाही. त्यातून स्पीकर थेट लाकडी जमिनीवर ठेवलेला असला, की जमिनीखालचे वासेच थरथरतात आणि आमचं छत डग्ग्याच्या पुडीसारखं वाजतं. आजच्या बांधकामाच्या नियमांत दोन घरांमधल्या भिंतीनं आणि जमिनीनं किती आवाज अडवला पाहिजे ते लिहिलेलं आहे, पण आमचं घर त्या नियमांच्या कितीतरी आधीचं. रात्री पावणेदोनला एवढं ज्ञान मिळालं, झोप मात्र मिळाली नाही.

घरमालकाला दोन पत्रं गेली. ‘बघतो’ असं उत्तर आलं. मग नवऱ्यानं वही घातली: तारीख, वेळ, किती मिनिटं, फोनवर किती डेसिबल. न्यू जर्सीचा आवाजाचा कायदा १९७१ चा, म्हणजे केंद्राच्या कायद्याच्याही एक वर्ष आधीचा. रात्री १० ते सकाळी ७ या वेळात राहत्या घराच्या हद्दीवर ५० डेसिबल ही मर्यादा. हे वाचून आम्ही खूश झालो, पण पुढं कळलं, की ही मोजपट्टी कारखान्यांसाठी आणि दुकानांसाठी आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांची भांडणं गावाच्या नियमांवर सोडलेली.

वही घालणारा तो काही पहिला नव्हे. आमच्या समोरच, हडसनच्या पलीकडच्या काठावर, रिव्हरसाइड ड्राइव्हवर ज्युलिया बार्नेट राइस नावाच्या बाई राहायच्या. नदीतल्या टगबोटींचे कप्तान एकमेकांना रामराम करायलाही भोंगा वाजवायचे. बाईंनी कोलंबिया विद्यापीठाचे विद्यार्थी पगारावर ठेवून भोंगे मोजून घेतले. एका रात्रीत तीन हजारांच्या आसपास भरले! १९०६ मध्ये त्यांनी अनावश्यक आवाजाविरुद्ध संस्था काढली, रुग्णालयांच्या आसपास शांतता ठेवायला मुलांची फौज उभारली, तिच्यात मार्क ट्वेनला ओढलं, आणि १९०७ मध्ये वॉशिंग्टनकडून भोंग्यांवर कायदा करून घेतला. मी ही हकीकत नवऱ्याला मुद्दाम सांगितली. तो म्हणाला, “तिच्याकडे वेळ होता. माझ्याकडे सोल्डरिंग गन आहे.”

तर, ती गन. मुंबईत असताना हा माणूस शनिवारी लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग हुंगत फिरायचा. त्यानं ठरवलं की एका रेषेत आवाज फेकणारा स्पीकर बनवायचा आणि वरच्याला ऐकवायचं. बाकी कोणाला त्रास नको, फक्त त्याला.

यामागचं तत्त्व सुंदर आहे हे मला मान्य केलंच पाहिजे. नेहमीच्या स्पीकरचा आवाज उघड्या दिव्यासारखा चहूकडे पसरतो. आवाजाची टॉर्च हवी असेल, तर लहर स्पीकरच्या तोंडापेक्षा खूप लहान हवी. चाळीस हजार हर्ट्झची लहर साडेआठ मिलिमीटरची, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. ती सरळ जाते, पण माणसाला ऐकू येत नाही. मग त्या न ऐकू येणाऱ्या लहरीच्या पाठीवर गाणं चढवायचं. लहर खूप जोरदार असली, की हवाच तिला जराशी वेडीवाकडी करते आणि त्या वेडेपणातून गाणं वाटेतच हवेत सुटं होतं. पीटर वेस्टरवेल्ट या भौतिकशास्त्रज्ञानं याचं गणित १९६३ मध्ये मांडलं. जपानी संशोधकांनी १९८३ मध्ये हवेत तसा स्पीकर करून दाखवला. आणि २००७ च्या डिसेंबरात आपल्याच पलीकडे, मॅनहॅटनच्या सोहो भागात, भुतांच्या एका टीव्ही मालिकेच्या जाहिरातीत तो वापरला गेला. फलकाखालून जाणाऱ्या एकट्या माणसाच्या कानात बाई कुजबुजायची, बाजूच्याला काहीच नाही! लोक दचकून मागं वळून बघायचे.

चीनहून ऐंशी चकत्या आल्या, कोटाच्या बटणाएवढ्या. गाडी मागं घेताना पी-पी करणाऱ्या सेन्सरात याच जातीची चकती असते. तीन आठवडे आमचं जेवणाचं टेबल गेलं. प्रत्येक चकतीचं धन टोक तपासून लावायचं, कारण एक जरी उलटी लागली तर ती शेजारणीचं काम खोडते. (मंडळाच्या कार्यकारिणीत काम केलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.) सासूबाई तेव्हा साताऱ्याहून आमच्याकडे आलेल्या होत्या. वय ब्याऐंशी, ऐकायला बरंच कमी, आणि कानातल्या यंत्राचा मनस्वी तिटकारा. त्या रोज विचारायच्या, “झाली का रे तुझी आप्पेपात्राची पाटी?”

पहिल्यांदा लावली तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. नवऱ्यानं कुकरच्या शिट्ट्या रेकॉर्ड केल्या होत्या. या यंत्राला खर्ज जमत नाही, चिरका आवाज मात्र झकास जमतो, आणि झोपलेल्या माणसाला शिट्टीइतकं दुसरं काय उठवणार! पाटी त्यानं समोरच्या भिंतीकडे रोखली आणि शिट्टी आली ती भिंतीवरच्या कालनिर्णयातून. मी खरोखर कालनिर्णय उचलून मागं बघितलं. एक पाऊल बाजूला सरकले तर शिट्टी पार बारीक झाली, परत सरकले तर कानाशी. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या एखाद्या उद्योगानं मला असं चकित केल्याचं आठवत नाही.

मग पाटी छताकडे वळवली, आणि तिन्ही शिट्ट्या छतावर आपटून आमच्याच डोक्यावर पडल्या. खर्ज भिंतीतून पाझरतो, पण ही बारीक लहर घन वस्तूला लागली की जवळजवळ सगळीच परत फिरते. नवऱ्याला हे ठाऊक होतं. त्याचा खरा बेत खिडकीचा होता: फायर एस्केपवर जाऊन वरच्या उघड्या खिडकीत नेम धरायचा. त्याला मी ठाम नकार दिला. एक तर तो पडला असता. दुसरं म्हणजे, कोणाच्या घरात मुद्दाम रात्री-बेरात्री आवाज सोडणं या राज्यात पोलिसांपर्यंत जाऊ शकतं, आणि मग वहीतल्या सगळ्या नोंदी आमच्याच विरुद्ध पुरावा.

सासूबाईंना हे सगळं मोठ्यानं समजावून सांगितलं. त्यांनी विचार करून विचारलं, “म्हणजे मधे भिंत नको? माणूस अगदी समोर हवा?”

“हो.”

“समोर असला तर तोंडानंच बोल की. एवढी बटणं कशाला?”

नवरा काही बोलला नाही. त्यानं आणखी चकत्या मागवल्या.

ते खोकं कुरिअरवाल्यानं वरच्याच्या दाराशी टाकलं. एका रविवारी दुपारी तो तरुण ते घेऊन आमच्या दारात. टेबलावरची पाटी बघून त्याचे डोळे चमकले. “हे काय आहे?” माझा नवरा देवाशी खोटं बोलेल, पण सर्किटबद्दल कोणाशीही बोलू शकणार नाही. त्यानं सगळं सांगितलं, शिट्ट्या ऐकवल्या, वहीसुद्धा दाखवली. मी चहाचं आधण वाढवून बघत राहिले.

तो विमानतळावर रात्रपाळीत सामान चढवतो. रात्री एकला सुटतो, घरी येऊन तासभर गाणी ऐकल्याशिवाय अंग सैल होत नाही. खाली एवढं ऐकू जातं हे त्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. घरमालकाचं ‘बघतो’ त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. मग जरा संकोचून त्यानं त्याची तक्रार सांगितली. तो तीनला झोपतो, आणि सहाला त्याच्या पलंगाखाली दोन बायका भांडायला लागतात. रोज. तो इतके दिवस आमच्या घरात काय चाललंय या काळजीत होता.

सासूबाईंच्या मालिका! सकाळी सहा म्हणजे तिकडे दुपारचे साडेतीन, कालच्या भागांची वेळ. आवाज नेहमी टोकाला, कारण त्याखाली त्यांना शब्द लागत नसत. शब्द न लागता नुसती चित्रं बघत परक्या देशात दिवस काढायचा, हे त्यांना जमेना.

वरच्याचं काम तासाभरात झालं. सबवूफर जमिनीवरून उचलून खाली वॉशिंग मशीनचे रबरी ठोकळे आणि जाड फोम ठेवला. ‘धप्प’ थांबली नाही, पण उशी न घेता झोपता येईल इतकी उतरली.

आणि पाटी गेली टीव्हीच्या वर, नेम सासूबाईंच्या खुर्चीवर. उतारवयात आधी वरच्या पट्टीतलं ऐकणं जातं, त्यामुळं क, स, त ही व्यंजनं विरतात. पाटी नेमकं तेच ठसठशीत आणून देते. २०१५ मध्ये एका अमेरिकन कंपनीनं कमी ऐकू येणाऱ्यांसाठी अशाच तत्त्वावरचा टीव्ही-स्पीकर काढला होता. तो फार काळ टिकला नाही. नवऱ्यानं कानाच्या डॉक्टरीणबाईंना विचारून जोर कमी ठेवला आणि खुर्ची लांब ढकलली. आता सकाळी सहाला त्यांना अक्षर अन् अक्षर कळतं आणि दोन हात पलीकडे चहा घेत बसलेल्या मला नुसती कुजबुज येते. अडचण एकच, त्यांची मान पेंगून कलली की मालिकाही बुडते. मग जाग आल्यावर मलाच विचारतात, “ती काय म्हणाली गं?” आणि मला ते ऐकूच आलेलं नसतं.

डिसेंबरात त्या साताऱ्याला परत जातील. पाटी बरोबर न्यायचीच म्हणतात. ऐंशी चकत्या, वायरींचं जंजाळ आणि हातानं सोल्डर केलेला बोर्ड, हे हातातल्या बॅगेत घातलं तर नेवार्कच्या सुरक्षा तपासणीत काय सांगायचं, याचा विचार सध्या नवरा आणि वरचा तरुण मिळून करताहेत.