एका चित्राला वीस सेकंद

आडवे १६० ठिपके, उभे १२०. गुणाकार १९,२००. दर ठिपक्याला एक बाईट. सिरियल पोर्टचा वेग ९,६०० बॉड; बाईटच्या आठ बिटांना पुढून स्टार्ट बिट आणि मागून स्टॉप बिट जोडला की दहा बिट होतात, म्हणजे सेकंदाला ९६० बाईट. १९,२०० भागिले ९६०, बरोब्बर वीस. हा हिशोब आम्ही दोघांनी २००३ च्या उन्हाळ्यात औरंगाबादच्या सिडको एन-९ मधल्या आमच्या गच्चीवर, वहीच्या मागच्या पानावर मांडला होता. उत्तर आलं तेव्हा मित्र म्हणाला, "वीस सेकंदांत एक चित्र! चालेल की रे." आणि आम्ही खरोखरच हरखून गेलो.

तो शेजारच्या रो-हाऊसमध्ये राहायचा. दोन्ही घरांची भिंत एकच. त्याच्याकडे एक जुना कॉम्प्युटर, माझ्याकडे एक जुना कॉम्प्युटर, दोघांच्याही पाठीला नऊ पिनांचे दोन-दोन सिरियल पोर्ट. माझ्या मामेभावाने पुण्याहून एक यूएसबी वेबकॅम आणला होता. लोक तेव्हा असा कॅमेरा कॅनॉट भागातल्या सायबर कॅफेत बसून परदेशातल्या नातेवाइकांशी बोलायला वापरायचे. आमच्या घरी इंटरनेट नव्हतं. म्हणून ठरलं की कॅमेऱ्याचं चित्र भिंतीपलीकडे न्यायचं, तेही आपल्या तारेने आणि आपण लिहिलेल्या प्रोग्रामने.

टेलिफोनची उरलेली वायर गच्चीच्या कठड्यावरून टाकली. एका टोकाची दोन नंबरची पिन दुसऱ्या टोकाच्या तीनला, तीन नंबरची दोनला, पाच पाचला. माझं बोलणं तुझ्या कानात, तुझं बोलणं माझ्या कानात आणि दोघांची जमीन एक. आरएस-२३२ हे मानक १९६० चं. त्याच्या तारेला पन्नास फुटांची मर्यादा सांगतात, आमची चाळीसच्या आत होती. पलीकडे पाठवायच्या आधी एक परीक्षा घ्यायची, ती आम्हाला पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये शिकवली होती. एकाच पोर्टच्या दोन आणि तीन नंबरच्या पिना तारेच्या तुकड्याने जोडायच्या, विंडोजमधलं हायपरटर्मिनल उघडायचं आणि 'ए' दाबायचा. जोड असेल तर 'ए' बाहेर जाऊन परत येतो आणि पडद्यावर दिसतो. तार काढली की तुम्ही कितीही बडवा, पडदा कोरा. त्या एका अक्षराचा आनंद ज्याने घेतला नाही, त्याला तो कसा समजावून सांगावा हे मला आजही कळत नाही. आपण दाबलेलं अक्षर यंत्रातून बाहेर पडून, आपल्या बोटांनी वळवलेल्या तांब्यातून फिरून घरी परत आलेलं असतं.

चित्रासाठी कोणीतरी स्वस्थ बसायला हवं होतं, आणि आमच्या घरात संध्याकाळी एका जागी स्वस्थ बसणारी एकटी आई. ती ट्यूबलाइटखाली पाटावर बसून तांदूळ निवडायची. "झालं का रे? हलू का?" असं दर दोन मिनिटांनी विचारायची. व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये विंडोजच्या पोटातली एव्हीकॅप३२ नावाची फाइल हाताशी धरली की वेबकॅमची एक चौकट उचलता येत असे. तिचे रंग काढून करड्या छटा केल्या, शून्य म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा, आणि एकेक ओळ तारेत सोडायला सुरुवात केली. १६० बाईट मोजून झाले की पलीकडचा प्रोग्राम पुढची ओळ मागायचा.

भिंतीपलीकडून पहिली आरोळी आली, "काकू उलट्या आल्या!" बीएमपी फाइलमध्ये चित्र खालच्या ओळीपासून वर साठवलेलं असतं, हे आम्हाला कुठे ठाऊक? त्याच्या पडद्यावर सगळ्यात वर आईची साडी, तिच्याखाली हनुवटी, नाक, कपाळ. ते सुधारणं सोपं होतं, ओळी उलट्या मोजायच्या. पण खरा घोर पुढे होता. चित्र कपाळापर्यंत यायचं आणि केसांपाशी थांबायचं. कधी डोळ्यांपाशी अडखळायचं, केसांपाशी मात्र नेहमी. आईऐवजी पांढरी भिंत ठेवली की पूर्ण चित्र, आई बसली की अर्धवट.

दोन रात्री गेल्या. मधल्या काळात वीज ठरल्या वेळी जायची आणि न ठरलेल्या वेळीही. यूपीएस आमच्यापैकी कोणाकडेच नव्हता. तिसऱ्या रात्री मित्राला सुचलं की चित्र बाजूला ठेवू आणि शून्यापासून २५५ पर्यंतचे आकडे ओळीने पाठवू. पाठवले. पलीकडे आले १५, १६, १८, २०, २१. सतरा नाही, एकोणीस नाही. बाकी सगळे हजर.

विद्यापीठाच्या आवारात सीईडीटीआय ही केंद्र सरकारची संस्था होती. तीच पुढे डोएक झाली, आणि आज तिला नाइलिट म्हणतात. मित्राने तिथे एक कोर्स केला होता आणि तिथल्या एका जाड पुस्तकाच्या झेरॉक्स त्याच्याकडे होत्या. त्यात उत्तर सापडलं. १९६३ च्या सुमाराच्या टेलिटाइप यंत्रांवर कागदी पट्टी वाचणारा भाग चालू करायला १७ आणि बंद करायला १९ हा संकेत असे. पुढे तेच दोन आकडे 'पाठव' आणि 'थांब' या खुणा म्हणून सिरियल पोर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये राहून गेले. आम्ही प्रोग्राममध्ये ती सोय नकळत चालू ठेवली होती. चित्रात १९ ही छटा आली की पलीकडचा कॉम्प्युटर तिला चित्र न समजता खूण समजायचा आणि गिळून टाकायचा. ओळ १५९ वर अडायची आणि पुढची ओळ कधीच मागितली जायची नाही. एकोणीस म्हणजे जवळजवळ काळा. आईचे केस तेव्हा काळेभोर होते.

ती सोय बंद करायला एका ठिकाणी शून्य लिहिलं आणि सुटलं. त्या रात्री पहिलं पूर्ण चित्र भिंतीपलीकडे गेलं. खालून वर, ओळीमागून ओळ, तांदळाचं ताट, कपाळ, केस, भिंतीवरचं घड्याळ. वीस सेकंद आणि वर ओळी मागण्यात गेलेला थोडा वेळ. मित्राची आई धावत आमच्याकडे आली, आईला म्हणाली, "अहो, तुम्ही आमच्या टीव्हीत!"

केंब्रिजच्या कॉम्प्युटर प्रयोगशाळेत १९९१ मध्ये काही संशोधकांनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला होता, कॉफी उरली आहे का हे जागेवरून कळावं म्हणून. तो जगातला पहिला वेबकॅम मानतात. त्याचं चित्र १२८ बाय १२८, करडं, मिनिटाला सुमारे तीन. हे मी पुष्कळ नंतर वाचलं. आमचं चित्र त्याहून थोडं मोठं होतं आणि वेग जवळपास तोच. १९९४ मध्ये मॅकिन्टॉशसाठी निघालेला क्विककॅम सिरियल पोर्टवरच चालायचा, हेही नंतर कळलं. औरंगाबादच्या गच्चीवर आम्ही जे स्वतःहून शोधलं असं समजत होतो, ती वाट आधीच मळलेली होती. त्याने आनंद उणावला नाही. उलट आपण योग्य वाटेवर होतो याचं समाधान वाटलं.

त्याआधीची एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती पुढे कामाला आली. पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षी मी पाण्याच्या टाकीची पातळी कॉम्प्युटरवर दाखवणारं यंत्र केलं होतं. एटी८९सी५१ ही मायक्रोकंट्रोलरची चिप, तिच्या पाच व्होल्टचं सिरियल पोर्टच्या उणे-अधिक व्होल्टेजशी जमवून द्यायला मॅक्स२३२, आणि घड्याळासाठी क्रिस्टल. क्रिस्टल ११.०५९२ मेगाहर्ट्झचा लागतो. गावातल्या दुकानदाराने १२ चा दिला आणि म्हणाला, "तेवढ्याने काय फरक पडतो?" पडतो. ११.०५९२ ला बाराने आणि मग बत्तीसने भागलं की २८,८०० उरतात, आणि त्याचा तिसरा हिस्सा नेमका ९,६००. बारा मेगाहर्ट्झवर तोच भागाकार १०,४१७ च्या आसपास येतो. साडेआठ टक्क्यांचा फरक. दहा बिटांच्या अक्षराच्या शेवटाला पोचेपर्यंत दोन्ही घड्याळं अर्ध्या बिटाहून जास्त सरकलेली असतात, आणि पडद्यावर चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं, शेपटीवाले आकार असा कचरा सांडतो. पुण्याला जाणाऱ्या एकाकडून तपकीर गल्लीतून योग्य क्रिस्टल मागवला. एसटीने तो यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी तो कचरा इतका पाहिला की त्याचा चेहरा पाठ झाला.

मग वर्षं गेली. लॅपटॉपच्या पाठीवरून नऊ पिना नाहीशा झाल्या, व्हिस्टात हायपरटर्मिनलही उरलं नाही. मी वाळूजला एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये लागलो. तिथे आजही पॅनेलच्या आत दोन तारांवर आरएस-४८५ चालतं आणि त्यावर १९७९ सालचा मॉडबस बोलतो, त्यामुळे माझा सिरियलशी संबंध तुटला नाही. पण ते नोकरीचं काम. गच्चीवरचं मागे पडलं.

गेल्या वर्षी भाची इथे शिकायला आली. गावाचं नाव तोवर छत्रपती संभाजीनगर झालं होतं, पाण्याचं मात्र जुनंच. जायकवाडी धरण तुडुंब असलं तरी नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, कधी आठवड्याने, आणि यायची वेळ रात्रीची कोणतीही. जुन्या जलवाहिन्यांवर गाव भागत नव्हतं. २,५०० मिलिमीटरच्या नव्या वाहिनीकडे सगळे डोळे लावून होते. आईची जुनी युक्ती अशी की हौदाच्या नळाखाली स्टीलची बादली पालथी ठेवायची. धार पडली की आवाजाने जाग येते. आता तिला कमी ऐकू येतं.

भाचीने ऑनलाइन पाच-सहाशे रुपयांचा ईएसपी३२-कॅम मागवला. काड्यापेटीहून लहान बोर्ड, त्यावर दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा, वायफाय आणि अंधारात लावायला एक पांढरा दिवा. मी पाहत होतो. त्या बोर्डाला यूएसबी नसतंच. प्रोग्राम चढवायचा तर यूएसबी-टीटीएलचा तुकडा घ्यावा लागतो. त्याचा टीएक्स याच्या आरएक्सला, याचा टीएक्स त्याच्या आरएक्सला, आणि दोघांची जमीन एक. माझ्या छातीत काहीतरी हललं. तिने शून्य नंबरची पिन जमिनीला जोडून प्रोग्राम चढवला, जोड काढला, रीसेट दाबलं आणि पडद्याकडे बघून म्हणाली, "मामा, हे काय आलं?"

चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं, शेपटीवाले आकार.

"वेग बघ," मी म्हणालो. "तुझ्या खिडकीत ९,६०० आहे, तो १,१५,२०० ने बोलतोय." तिने बदललं. स्वच्छ अक्षरं उमटली, कॅमेरा तयार आहे, अमुक पत्त्यावर या. पुढच्या मिनिटाला हौदातला नळ तिच्या मोबाइलवर हलत्या चित्रात दिसत होता, सेकंदाला पंधरा-वीस चित्रं. आईने मोबाइल हातात घेऊन बराच वेळ तो कोरडा नळ पाहिला. त्या आठवड्यात रात्री तीन वाजता पाणी आलं, तेव्हा पलंगावरून न उठता तिनेच आम्हाला उठवलं.

हे सोपं झालं ते चांगलंच झालं. आईची झोप वाचते, याहून मोठा उपयोग मला सुचत नाही. विकत मिळणाऱ्या तयार कॅमेऱ्यांपेक्षा मला हा जास्त भरवशाचा वाटतो, कारण त्यातला प्रोग्राम आपण वाचू शकतो आणि आपल्या घराचं चित्र कुठे जातं, कुठे जात नाही हे आपल्याला ठाऊक असतं. पण भाचीने तो प्रोग्राम वाचला नव्हता. नमुन्यातला तयार प्रोग्राम, त्यात वायफायचं नाव आणि पासवर्ड, बस. "एका चित्रात किती बाईट असतात?" असं मी विचारलं तेव्हा ती थबकली. जेपीईजीत ते दर चित्राला बदलतात हे खरं, पण ती त्यामुळे थबकली नव्हती. तिने कधी बाईट पाहिलाच नव्हता. हे मला लागलं. ती माझ्याहून हुशार आहे. आम्हाला जे नाइलाजाने दिसलं, ते तिच्यापासून कोणीतरी सोयीसाठी झाकून ठेवलं आहे.

तिला मी वहीच्या मागच्या पानावरचा हिशोब सांगितला. ती म्हणाली, "मग करू या ना तसंच." कॅमेऱ्यात १६० बाय १२० चा आकार मिळतो आणि करड्या छटाही मिळतात. वायफाय बंद केलं, वेग ९,६०० वर आणला, आणि लॅपटॉपवर पायथनमध्ये तिने पंधरा-वीस ओळी लिहिल्या, येईल तो बाईट ठिपका करून मांडायचा आणि शेजारी त्याचा आकडा लिहायचा. आईला ट्यूबलाइटखाली बसवलं. आता पाटावर बसणं जमत नाही, खुर्चीवर बसली. "हलू का?" तिने विचारलं.

तीन तारांतून चित्र उतरू लागलं. वरच्या ओळी भिंतीच्या, मग घड्याळाचा गोल, मग त्याखालची रिकामी जागा. भाची आकडे वाचत होती. मी मनात एकोणीसची वाट पाहत होतो. केसांची ओळ आली, आणि ती वाचत गेली, "२१४, २२०, २३१, २२८, २२६..."