गाडी भरली की सुटते

वहीचं एक पान चार दिवस अडून बसलंय. डावीकडे ठिकाणं, मधे सुटायची वेळ, उजवीकडे पैसे. मुंबई ते कुआलालंपूर, तिथून सुराबाया, विमानतळावरून दाम्रीच्या बसने बुंगुरासिहचा स्टँड, तिथून प्रोबोलिंगो. इथवर तिन्ही रकाने भरलेत. पुढची ओळ प्रोबोलिंगो ते चेमोरो लावांग. तिथे पैशांच्या रकान्यात आकडा आहे, वेळेचा रकाना कोरा. जावातल्या ब्रोमो ज्वालामुखीच्या काठावर वसलेल्या त्या गावात एक बाई खोल्या भाड्याने देतात. त्यांना निरोप पाठवून विचारलं, प्रोबोलिंगोहून वर यायला गाडी किती वाजता? उत्तर आलं, पंधरा माणसं झाली की.

मी मोबाइल खाली ठेवला आणि मला घोटीच्या नाक्यावरचा डिझेलचा वास आला.

ते 1986 साल, डिसेंबर महिना. आम्ही कल्याणला राहायचो. वडिलांनी ठरवलं की मला आणि दादाला कळसूबाईवरून सूर्योदय दाखवायचा. ठरल्या दिवसापासून त्यांची वही सुरू झाली. पट्टी ठेवून पेन्सिलीने आखलेले तीन रकाने, सगळ्यांत वर ‘श्री’. पॅसेंजरची तीन तिकिटं, दोन अर्धी. घोटी ते बारी जीप. चहा, तोही मोजलेला. भाकऱ्या, चटणी, गूळ घरचं, म्हणून त्यापुढे शून्य न लिहिता ते ‘घरचे’ असं लिहायचे. आईची मेहनत त्यांना शून्यात मांडवत नसे.

घोटीला दुपारी दीडला उतरलो. नाक्यावर काळी-पिवळी जीप उभी होती आणि एक पोरगा बॉनेटवर थाप मारून ‘बारी, बारी, राजूर’ ओरडत होता. आम्ही चढलो. आत आम्ही तिघंच. दादाने विचारलं, कधी सुटणार? पोरगा म्हणाला, भरली की. भरली म्हणजे काय, हे आम्हाला पुढच्या अडीच तासांत कळत गेलं. आधी एक आजी आल्या, नवं सूप डोक्यावर उपडं घेऊन. मग लोहाराकडून फाळ पाजवून आणलेला एक माणूस. त्याने फाळ गोणपाटात गुंडाळून आमच्या पायांशी ठेवला आणि दर पाच मिनिटांनी वाकून बघायचा, मुलांच्या पायाला लागत तर नाही ना. मग माहेरी निघालेली एक लेकुरवाळी. तिचं बाळ वडिलांच्या मांडीवर आलं आणि तिथेच झोपलं. कुणीतरी शेंगा काढल्या. टरफलांचा ढीग वाढत गेला, जीप जागची हलेना. दहा माणसं झाली तेव्हा मला वाटलं, आता सुटणार. ड्रायव्हर आला, आत डोकावला, मान हलवून परत टपरीवर गेला.

साडेतीनच्या सुमाराला तो वडिलांजवळ आला. म्हणाला, मास्तर, पोरं कंटाळली, चार शिटांचे पैसे द्या, आत्ता काढतो. वडील मास्तर नव्हते, रेल्वेत कारकून होते, पण त्यांनी ती चूक सुधारली नाही. खिशात तेवढे पैसे होते, हे मला माहीत होतं. मीच सकाळी मोजून दिले होते. वडील म्हणाले, आणि मागून चार जण आले तर त्यांनी काय करायचं? संध्याकाळची दुसरी आहे का? ड्रायव्हर म्हणाला, नाही, हीच शेवटची. मग थांबू, वडील म्हणाले.

आणि आले की. ओल्या बोटाने नोटा मोजत बाजारातून चार जण आले, त्यांच्यातला एक बारीचाच. तो फूटबोर्डवर उभा राहिला. वाटेत त्याने वडिलांना विचारलं, रात्री कुठे टेकणार? देवळात, वडील म्हणाले. पोरं गारठतील, आमच्याकडे चला. त्या घराच्या ओट्यावर आम्ही झोपलो. त्याच्या बायकोने नागलीच्या भाकरीवर तेल आणि ठेचा घालून दिला. चुलीतल्या निखाऱ्यांची पाटी आमच्या पायथ्याशी ठेवली आणि पहाटे तीनला तिनेच हाक मारून उठवलं. वडील निघताना पैसे देऊ लागले, तिने घेतले नाहीत. पुढे कितीतरी वर्षं आमच्याकडून बारीला दिवाळीत पार्सल जायचं. त्यात काय असायचं, ते वहीत कधीच लिहिलं गेलं नाही.

त्या पहाटेचं चढणं मला तुकड्यांत आठवतं. बॅटरीचा पिवळा गोल. पुढे तो माणूस, त्याच्या घोंगडीला येणारा धुराचा वास. लोखंडी साखळी इतकी गार की हात चिकटेल असं वाटायचं. एका ठिकाणी दम खायला थांबलो तेव्हा मी कातळाला टेकले आणि उजेडात बघितलं तर तळवा तांबडा. वर काळा कातळ, खाली काळा कातळ, मधे हातभर रुंदीचा विटकरी, मऊ थर. मी नखाने खरवडला तर माती निघाली. 1646 मीटरवर, महाराष्ट्राच्या सगळ्यांत उंच जागी पोचलो तेव्हा पूर्व उजळत होती. भंडारदऱ्याचं पाणी आधी दिसलं, मग अलंग, मदन, कुलंगच्या कडा. सूर्य आला तेव्हा दादा झोपला होता. मी मात्र तळव्याकडेच बघत होते, कारण उन्हात तो रंग पेटल्यासारखा दिसत होता.

कॉलेजात भूगोल घेतला तेव्हा त्या थराचा उलगडा झाला. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी दख्खनची जमीन भेगाळली आणि त्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा पसरत राहिला. शंकूसारखा डोंगर, त्याच्या माथ्याला तोंड, असलं काही तिथे नव्हतं. जमीनच उघडायची. एक लोट यायचा, थिजायचा, मग मोठी शांतता. त्या शांततेत वरचा दगड कुजायचा, त्याची माती व्हायची. मग पुन्हा लोट, आणि खालची माती भाजून तांबडी. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या पायऱ्या हे एकावर एक निजलेले लोट आहेत. या खडकांना जगभर ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. तांबडा थर म्हणजे दोन लोटांमधलं थांबणं. मी अकराव्या वर्षी त्या थांबण्यावर हात ठेवला होता.

आपल्याकडे ज्वालामुखी नाही, असं आम्ही शाळेत घोकलं. अंदमानात बॅरन बेट आहे, भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी, पण त्यावर उतरू देत नाहीत, बोटीतूनच बघायचा. आणि इथे रोज ज्याच्यावर चालतो, ज्याच्या पाट्यावर वाटण वाटतो, ज्यातून वेरूळचं कैलास कोरून काढलं, तो सगळा विझलेला लाव्हाच. एकदा जागा असलेला बघावा, गंधकाचा वास घ्यावा, कडेला उभं राहून खालचा आवाज ऐकावा, असं मला तेव्हापासून वाटतंय. पन्नाशी आली म्हणून आता वही काढली.

रकाने मात्र वडिलांच्या मापाचे आखले आणि फसले. तिथला रुपिया आपल्या रुपयाचाच भाऊबंद, पण शून्यांचा लवाजमा घेऊन येतो. नुसता विमानतळावर मिळणारा व्हिसा 5,00,000. पहिल्यांदा लिहिताना हात थबकला. मग शेजारच्या रकान्यात घुसून लिहिलं. ब्रोमोच्या राष्ट्रीय उद्यानाचं तिकीट परदेशी माणसाला तिथल्यांच्या कितीतरी पट आहे. ते मला रास्त वाटतं. डोंगर त्यांचा, राख त्यांच्या शेतात पडते.

जीप मात्र कापली. पहाटे तीनला जीपची रांग निघते, वाळूचं मैदान ओलांडून पनांजाकानच्या माथ्यावर जाते, 2770 मीटर. तिथून सगळं एका चौकटीत दिसतं: पुढे कंगोरे पडलेला बातोक, त्याच्या बाजूला धुमसणारा ब्रोमो, मागे दूर सेमेरू. खोलीवाल्या बाईंनी सांगितलं, गावातून पायी सेरुनीच्या टोकापर्यंत जाता येतं, थोडं खाली आहे पण दिसतं तेच. मला चालत गेलेलंच आवडतं. अंधारात पाय जमिनीची ओळख करून घेतात, मग उजाडतं तेव्हा ती जमीन आपल्या माहितीतली असते. सूर्य वर आला की उतरून वाळूतून ब्रोमोपर्यंत, मग सुमारे अडीचशे पायऱ्या, मग तोंडाची कड. वाळूत घोडेवाले असतात. घोड्यावर मी बसणार नाही, पण बसणाऱ्याने तिथे घासाघीस करू नये असं माझं मत आहे. काटकसर आपल्या पोटाला चिमटा घेऊन करावी.

वाचवलेल्या पैशांतून चांगलं जाकीट घेतलंय. जून ते ऑगस्ट तिकडे पाऊस नसतो, आभाळ स्वच्छ आणि थंडी कडक. आणि दर सकाळी आधी इशारा बघायचा. तिथलं ज्वालामुखी खातं चार पातळ्यांत धोका सांगतं. दुसरी पातळी असली की तोंडापासून 1 किलोमीटरच्या आत जाऊ नका म्हणतात. 2004 च्या जूनमध्ये ब्रोमो अचानक उसळला आणि वर गेलेली दोन माणसं गेली. मनाई असेल तर मी काठावरूनच बघेन. काठावरूनही तो तोच आहे.

नावं मला झोपू देत नाहीत. चेमोरो लावांग: सुरूच्या झाडांचं दार. वाळूचं मैदान, सगारा वडी, म्हणजे वाळूचा सागर. सेमेरू म्हणजे सुमेरू, 3676 मीटर, जावातलं सर्वांत उंच शिखर. ब्रोमोत ब्रह्मा आहे. प्रोबोलिंगोचा स्टँडसुद्धा बायुआंगा: बायु म्हणजे वारा, मग आंगुर, मग मांगा. वारा, द्राक्षं आणि आंबा, हे त्या शहराचं वैभव. अशा नावांवर ‘सगळं आपलंच’ म्हणून हात ठेवायची घाई मला पटत नाही. त्यांनी शेकडो वर्षं ते शब्द स्वतःच्या जिभेवर मऊ केलेत. एक जुनी जावानी कथा आहे. बेट समुद्रावर डुगडुगत होतं, म्हणून देवांनी जंबुद्वीपातून मेरू उचलून आणला. आधी पश्चिमेला ठेवला तर बेट कललं, मग पूर्वेकडे नेला. नेताना जे तुकडे सांडले त्यांचे बाकीचे डोंगर झाले. आपल्याकडे मेरू कुणी उचलून नेल्याचं कुणाला आठवतसुद्धा नाही, आणि तिकडे मात्र तो धुराचे झोत सोडत उभा आहे.

ब्रोमोच्या भोवती तेंगेर लोक राहतात, डोंगराच्या अंगावर कोबी-बटाट्याची शेतं करून. त्यांचं नाव रारा आंतेंग आणि जाका सेगेर या जोडप्याच्या नावांच्या शेवटच्या अक्षरांवरून पडलं, असं ते सांगतात. मूल होत नव्हतं. डोंगराने पंचवीस दिली आणि सर्वांत धाकटं परत मागितलं. आईबापांनी द्यायचं टाळलं, डोंगर भडकला, आणि धाकटा कुसुमा आपणहून आत गेला. जाताना म्हणाला, दरवर्षी माझी आठवण ठेवा. म्हणून कसादा महिन्याच्या पौर्णिमेला रात्रभर चढून लोक भाज्या, तांदूळ, फळं, कोंबड्या, बकऱ्या, पैसे ज्वालामुखीच्या तोंडात टाकतात. आपली कळसूसुद्धा अशीच घर सोडून डोंगरावर गेलेली पोर. भांडी घासणार नाही या अटीवर कामाला राहिली होती, अट मोडली, ती निघून गेली. तीही परत आली नाही.

गेली तीन वर्षं बघितली, 2023, 2024, 2025. तिन्ही खेपेला कसादा आपल्या ज्येष्ठ पौर्णिमेच्या आसपास पडला, इकडे वडाला सूत गुंडाळतात त्या दिवसांत. खोल्या महागतात, गर्दी होते, तरी मी त्याच दिवसांत जायचं ठरवलंय. कारण एक गोष्ट बघायचीय. लोक वरून अर्पण टाकतात, आणि आतल्या उतारावर, धुराच्या वर, काही माणसं उभी असतात. काठ्यांना जाळी बांधून, कुणी कापड पसरून. पडणारं झेलतात. तेंगेरांमधलेच गरीब असतात, लांबून आलेलेही असतात. टाकणाऱ्यांना त्याचं वाईट वाटत नाही. दिलं ते दिलं.

हे मी काल आईला सांगितलं. ती आता अठ्ठ्याऐंशीची आहे, ऐकायला कमी येतं, म्हणून दोनदा सांगितलं. तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली.

मग म्हणाली, “म्हणजे ती माणसं खाली उभी असतात, आणि हे वरून टाकतात?”

“हो.”

“मग नारळ नेऊ नकोस. कुणाच्या डोक्यात बसेल.”

“बरं.”

“गूळ ने. फडक्यात नीट बांध, फुटायला नको. आणि थोडा जास्त ने, गाडीत माणसं असतील.”

मी वही उघडली. गूळ, एक किलो. पैशांच्या रकान्यात लिहिलं, घरचे.