जप्त केलेलें पुस्तक

वार्षिकाच्या संपादकांनीं यंदां आम्हांस आमच्या अलीकडील वाचनाविषयीं चार शब्द लिहून देण्यास सांगितलें. अशा प्रसंगीं शिक्षकानें एखाद्या थोर पुरुषाच्या चरित्राचें नांव घ्यावें, अशी चाल आहे. आणि तसें एक जाडजूड चरित्र आमच्या मेजावर जून महिन्यापासून पडलेलेंही आहे. परंतु खरें सांगावयाचें तर त्याच्या बाविसाव्या पानापुढें आमची गति झाली नाहीं. ह्या वर्षीं आम्हीं जें कांहीं आवडीनें वाचिलें, तें सर्व खून, चोऱ्या, पाठलाग आणि (पालकवर्गानें क्षमा करावी) जादूटोणा ह्यांविषयींचें होतें. हें कसें घडलें तें सांगतांना आमच्या हातून झालेला एक अन्यायही सांगणें भाग आहे.

जुलै महिन्यांत एके दिवशीं नववीच्या वर्गास आम्ही समास शिकवीत होतों. शेवटच्या बांकावरील एक मुलगा फारच स्तब्ध बसला होता. चुळबुळ करणाऱ्या मुलापेक्षां असा मुलगा अधिक संशयास्पद, हें आम्हांस वीस वर्षांच्या अनुभवानें ठाऊक आहे. जवळ जाऊन पाहिलें, तों बांकाखालीं अगाथा ख्रिस्ती ह्या इंग्रज लेखिकेची 'द मर्डर ॲट द व्हिकरेज' ही कादंबरी! आम्हीं ती जप्त केली आणि सर्व वर्गास ऐकूं जाईल अशा स्वरांत म्हणालों, "अशीं पुस्तकें वाचणाराचें मन हळूहळू तशाच कृत्यांकडे वळतें."

हें वाक्य आमचें नव्हे. आम्ही मिशनच्या वसतिगृहांत राहत असतां आमच्या उशीखालून बाबूराव अर्नाळकरांची 'काळा पहाड' मालिकेंतील एक कथा काढून घेतांना आमच्या अधीक्षकांनीं तें उच्चारिलें होतें. त्या वेळीं आम्हांस तें साफ खोटें वाटलें होतें. शिक्षक झाल्यावर तेंच खरें कसें वाटूं लागलें, कोण जाणे! अर्नाळकरांनीं हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्या वाचून महाराष्ट्रांत किती चोर निपजले, ह्याचा हिशेब अधीक्षकांनीं केला नसावा; आम्हींही केला नाहीं.

ऑगस्टांत वर्गाच्या सहलीची वर्गणी गोळा करण्याचें काम आमच्याकडे होतें. एके सकाळीं जमलेले १,८५० रुपये पाकिटांत घालून आम्हीं वर्गांतील मेजाच्या खणांत ठेविले आणि खणास कुलूप लावावयाचें विसरलों. मधल्या सुटीची घंटा १२-३० वाजतां होते. सुटींत आठवण होतांच आम्ही शिक्षकांच्या खोलींतून उठलों. भिंतीवरील घड्याळाकडे दृष्टि गेली, तों १२-४२ झाले होते. वर्गाशीं पोंचतों, तों दारांतून तोच मुलगा बाहेर येत होता. आंत दुसरें कोणी नव्हतें, आणि खणांत पाकीट नव्हतें.

"सर, मी आत्तांच आलों, डबा न्यायला," तो म्हणाला. आम्हीं संगीताच्या बाईंस विचारिलें. त्यांनीं सांगितलें कीं, समूहगीताची तालीम घंटेबरोबर संपली, आणि तोंपर्यंत मुलगा तेथेंच होता. तालमीच्या खोलीपासून वर्ग एका मिनिटाच्या अंतरावर. मग मधल्या अकरा मिनिटांचें काय? मुलास उत्तर देतां येईना. तो पुनःपुन्हां "आत्तांच आलों" एवढेंच म्हणे, आणि त्याचें हें एकच एक उत्तर आम्हांस निर्ढावलेपणाचें लक्षण वाटलें. शिवाय तो कसलीं पुस्तकें वाचतो, हें आम्हांस ठाऊक होतेंच. त्यास वर्गासमोर उभें करून आम्ही नको तें बोललों.

दुसऱ्या दिवशीं त्याचे वडील आले. ते रिक्षा चालवितात. खोलीबाहेर चपला काढून ते आंत आले आणि खुर्ची पुढें केली तरी बसले नाहींत. "पोरगं तसं नाहीं, सर," ते म्हणाले, "पण तुम्ही म्हणतां म्हणजे असेलही." पांचशें रुपये मेजावर ठेवून उरलेले दोन हप्त्यांत देण्याचें त्यांनीं कबूल केलें. मुलगा त्यांच्यामागें उभा होता. तो रडला नाहीं. आम्हीं पैसे घेतले.

गणपतीच्या सुटींत तपासावयाच्या वह्या घरीं नेल्या, त्यांत तें जप्त केलेलें पुस्तकही आलें. एके रात्रीं वह्यांचा कंटाळा येऊन आम्हीं तें उघडलें.

पुस्तक १९३० सालचें. सेंट मेरी मीड नांवाच्या इंग्रज खेड्यांत पाद्रीसाहेबांच्या घरीं, त्यांच्याच अभ्यासिकेंत, कर्नल प्रोथेरो ह्या गृहस्थाचा खून होतो. कथा पाद्रीसाहेब स्वतः सांगतात; आणि ह्या कर्नलास कोणी ठार केलें तर जगावर उपकारच होतील, असे उद्गार त्यांनींच आरंभीं जेवणाच्या मेजावर काढिलेले असतात! धर्मोपदेशकाच्या तोंडीं हे शब्द वाचून आम्हांस हंसूं आलें, आणि एकच प्रकरण वाचून झोंपावयाचें हा निश्चय तेथेंच संपला. रहस्य उकलणारी मिस मार्पल ही शेजारची एक वृद्ध अविवाहित बाई. तिच्यापाशीं ना अधिकार, ना शस्त्र. बागकाम करीत असतां रस्त्यानें कोण आलें, कोण गेलें, तें ती पाहते आणि विसरत नाहीं. आपल्या आळींत अशी एखादी आजी प्रत्येकास आठवेल.

अभ्यासिकेंतील घड्याळ उलटून पडलेलें व ६-२२ वाजतां थांबलेलें सांपडतें. स्लॅक नांवाचा पोलीस अधिकारी त्यावरून खुनाची वेळ ठरवून मोकळा होतो. परंतु पाद्रीसाहेब तें घड्याळ, आपल्याला उशीर होऊं नये म्हणून, नेहमीं पंधरा मिनिटें पुढें ठेवीत असत. हें ते सांगूं लागतात, तर स्लॅक त्यांस बोलूंच देत नाहीं.

येथें आम्हीं पुस्तक मिटलें. रात्रीचा एक वाजून गेला होता. आमच्या शिक्षकांच्या खोलींतील घड्याळही दहा मिनिटें पुढें असतें. शिक्षकांनीं तासास वेळेवर जावें म्हणून तें मुद्दाम तसें ठेविलें आहे. रोज चहाचा शेवटचा घोट घेतांना आम्ही तीं दहा मिनिटें मनांतल्या मनांत वजा करितों. त्या दिवशीं तेवढीं केलीं नाहींत. १२-४२ म्हणजे १२-३२. मुलगा खरोखरच आत्तां आला होता. आणि वर्ग? त्यापूर्वींचा तास कवाईतीचा. अर्धा तास खोली उघडी व रिकामी पडली होती.

सुटी संपेपर्यंत थांबावें, असें एक मन म्हणत होतें. शाळेंत बोलावून सांगणें अधिक रीतीचें होईल, असेंही तें म्हणालें. सकाळीं उठून मुलाच्या घरीं गेलों. पांचशें रुपये परत केले व झालेला प्रकार सांगितला. वडिलांनीं नोटा न मोजतां खिशांत ठेविल्या. आईनें चहा दिला. कोणी फारसें बोललें नाहीं. शाळा उघडल्यावर ज्या वर्गासमोर त्यास उभें केलें होतें, त्याच वर्गासमोर आम्हीं त्याची क्षमा मागितली. पाकीट अद्याप सांपडलेलें नाहीं; सहलीचे पैसे आम्हीं भरले.

पुस्तक परत केलें तें समासाच्या तासास न वाचण्याच्या अटीवर. पुढच्याच आठवड्यांत त्यानें रद्दीच्या दुकानांतून वीस-वीस रुपयांस घेतलेलीं आणखी दोन पुस्तकें आमच्या मेजावर आणून ठेविलीं.

पहिलें जॉन बखनचें 'द थर्टी-नाइन स्टेप्स', १९१५ सालचें. बखन हा स्कॉटलंडांतील एका पाद्र्याचा मुलगा. पुढें तो कॅनडाचा गव्हर्नर-जनरल झाला. ह्या कथेचा नायक हॅने ह्याच्या घरांत एकाचा खून होतो. आळ हॅनेवर येतो, आणि पोलीस व खरे गुन्हेगार असे दोघेही पाठीस लागलेले असतां तो स्कॉटलंडच्या माळरानांतून पळत सुटतो. येथें "खुनी कोण?" ह्यापेक्षां "आतां काय होणार?" हा प्रश्न मोठा. ह्या कथेवर १९३५ मध्यें चित्रपट काढणारा हिचकॉक पुढें सांगत असे कीं, मेजाखालचा बाँब अकस्मात् उडाला तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. पण बाँब तेथें आहे हें त्यास आधीं सांगितलें, तर तो पंधरा मिनिटें जीव मुठींत धरून बसतो. पुस्तक आम्हीं एका बैठकींत संपविलें. तरी तें सुखानें वाचलें असें म्हणवत नाहीं. हॅने खोट्या आळाखालीं पळत होता, आणि आम्हांस खोलीबाहेर काढलेल्या त्या चपला दिसत होत्या.

दुसरें पुस्तक जादूचें. त्याआधीं सांगावयास हवें कीं, मिस मार्पलच्या वळणाच्या कथांस इंग्रजींत 'कोझी' म्हणतात: रक्त थोडें, गांव लहान, चहा पुष्कळ. अलीकडे त्यांत जादूही शिरली आहे. चेटकीण पावाचें दुकान चालविते, तिचें मांजर बोलतें, आणि मृताचें भूत स्वयंपाकघरांत येऊन बसतें. आमच्या पुतणीच्या आग्रहानें असे दोन नमुने वाचले. वेळ बरा गेला. पण भूतच साक्ष देणार, तर शोध कशाचा करावयाचा? रोनाल्ड नॉक्स ह्यानें १९२९ मध्यें रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले, त्यांतील दुसरा असा कीं, कथेंत अलौकिक शक्तीचें कांहीं चालूं नये. हा नॉक्स स्वतः धर्मगुरु. त्यानें पुढें संपूर्ण बायबलाचें इंग्रजी भाषांतर केलें. चमत्कार मानणाऱ्या मनुष्यानें रहस्यकथेंतून मात्र त्यांस बाहेर ठेवावें, ह्याची आम्हांस प्रथम मौज वाटली. विचार करितां त्याचें म्हणणें पटलें. वाचकास न सांगतां काढिलेला पुरावा हा पुरावाच नव्हे.

मुलानें दिलेलें पुस्तक रँडल गॅरेट ह्या अमेरिकन लेखकाचें, 'टू मेनी मॅजिशियन्स'. तें १९६७ मध्यें प्रसिद्ध झालें. त्यांतील जगांत जादू हें एक शास्त्र आहे. तिचे नियम ठरलेले, आणि ते वाचकासही कळतात. लंडनच्या एका हॉटेलांत जादूगारांचें संमेलन भरलें असतां बंद खोलींत एका जादूगाराचा खून होतो, आणि सर्वांचा संशय अर्थातच जादूवर जातो. लॉर्ड डार्सी हा शोधक मात्र स्वतः जादूगार नाहीं. तो विचारीत जातो आणि घाई करीत नाहीं. आम्हांस हें पुस्तक फार आवडलें.

ह्या जातीच्या कथांचें मूळ शोधतां आम्ही जुन्या ओळखीच्या ठिकाणींच येऊन पोंचलों. डोरोथी सेयर्स ह्या विदुषीनें १९२८ मध्यें रहस्यकथांचा एक मोठा संग्रह काढला. त्याच्या आरंभीं सुसान्नेची कथा घेतली आहे. आमच्या हातांतील मराठी पवित्र शास्त्रांत ती नाहीं. कॅथलिक बंधूंच्या बायबलांत दानीएलाच्या तेराव्या अध्यायांत आहे. दोन वडीलधारे न्यायाधीश निर्दोष सुसान्नेवर दुराचाराचा आळ घेतात, आणि त्यांचें वय व पद पाहून लोक तो खरा मानितात. तरुण दानीएल त्या दोघांस वेगवेगळें करून एकच प्रश्न विचारतो: हिला कोणत्या झाडाखालीं पाहिलें? दोघे दोन झाडांचीं नांवें घेतात. आम्हीं मुलास विचारिलें, संगीताच्या बाईंस विचारिलें. स्वतःस कांहीं विचारिलें नव्हतें.

नाताळच्या सुटीपूर्वीं मुलगा आपलीं पुस्तकें नेण्यास आला. "सर, व्हिकरेजमधला खुनी तुम्हीं केव्हां ओळखलात?" त्यानें विचारलें. आम्हीं खरें तें सांगितलें: शेवटपर्यंत नाहीं, आमचा संशय भलत्यावरच होता.

"मीं अर्ध्यावरच ओळखला होता," तो चटकन् म्हणाला; मग आपण शिक्षकांशीं बोलत आहों हें ध्यानांत येऊन त्यानें पुस्तकें पिशवींत घातलीं, आणि जातां जातां दुसरें एक आमच्या मेजावर ठेवून गेला.