येऊन-जाऊन एम.ए.

“हॉस्टेलला आहेस की येऊन-जाऊन करतेस?” एम.ए.च्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक जण प्रत्येकाला हेच विचारत होता. बहुतेकांचं उत्तर ‘येऊन-जाऊन’ हेच होतं. कुणी मोहोळहून यायचं, कुणी अक्कलकोटहून, एक जण थेट बार्शीहून. मी भवानी पेठेतली, घोंगडे वस्तीतली. गावातच घर म्हणून सगळे मला नशीबवान समजायचे. पण विद्यापीठ केगावला, पुणे रस्त्यावर. घरापासून बाळीवेसपर्यंत चालत, तिथून शेअर रिक्षानं एसटी स्टँड, मग बाळ्यावरून पुढं जाणारी बस. सव्वा तास सहज जायचा. मोहोळची मैत्रीण बऱ्याचदा माझ्याआधी वर्गात बसलेली असायची, कारण तिची गाडी शहरात शिरायच्या आधीच विद्यापीठावरून येते.

तरीही हे अंतर ‘जवळ’च म्हणायचं. सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी सुरू झालं, एका जिल्ह्यापुरतं. २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. त्याआधी जिल्ह्यातली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. काही विषयांचं पदव्युत्तर केंद्र सोलापुरात होतं, पण माझ्या मावशीला हवा असलेला विषय तिथं नव्हता. त्यासाठी कोल्हापूरला राहावं लागलं असतं. “पोरगी परगावी ठेवायची नाही,” असं आजोबा म्हणाले आणि विषय संपला. माझ्या वेळी हा प्रश्न कुणी काढलाच नाही. सकाळी जाणार, संध्याकाळी येणार, मग अडचण कसली? पासाचे पैसे तेवढे बाजूला काढायचे. एसटीचा विद्यार्थी पास तिकिटाच्या साधारण एक तृतीयांशात मिळतो. त्या सवलतीवर जिल्ह्यातल्या किती मुलींचं शिक्षण उभं आहे, हे सकाळच्या गाडीत चढलं की कळतं.

पण संध्याकाळी घरी परत यायचं, या अटीवर मिळालेल्या शिक्षणात संध्याकाळ तुमची नसते. आमच्याकडं आई टॉवेलच्या कडा शिवायची. डझनावर मजुरी. मी दारात पाय ठेवला की गठ्ठा समोर यायचा. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. घरात माणूस आहे म्हटल्यावर कामाला हात लावणारच. हॉस्टेलवरच्या मुली जेवणानंतर चर्चा करायच्या, एकमेकींच्या नोट्स वाचायच्या. मी रात्री दहानंतर वही उघडायचे, तेव्हा शेजारच्या कारखान्यातले माग खडखडत असायचे. तो आवाज जन्मापासूनचा, त्याचा त्रास नव्हता. त्रास होता तो डोळे मिटत असल्याचा.

वर्गातही घड्याळ असायचंच. दुपारी कुणा बाहेरच्या अभ्यासकाचं व्याख्यान असलं की शेवटच्या दहा मिनिटांत बार्शीचा मुलगा दप्तर मांडीवर घ्यायचा. “काही प्रश्न?” असं विचारलं की शांतता. पाहुण्यांना वाटत असेल, या पोरांना काही विचारायचंच नाही. प्रश्न असायचे. पण प्रश्न विचारला की उत्तर येणार, उत्तर लांबलं की गाडी जाणार. ते प्रश्न मग आम्ही थांब्यावर एकमेकांना विचारायचो. आमचं खरं कॉलेजजीवन तिथंच झालं. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा उरलेला डबा तिथं फिरायचा. गाडीत जागा मिळाली की फोन सुरू व्हायचे. अक्कलकोटची मैत्रीण कन्नडमध्ये, अशोक चौकातली तेलुगूमध्ये, एक दखनीत, मी मराठीत. चौघींचं वाक्य एकच: गाडीत बसले.

या दोन वर्षांत एकच संध्याकाळ आमची अशी झाली. विभागाची सहल हत्तरसंग कुडलला गेली होती, भीमा-सीनेच्या संगमावर. तिथल्या संगमेश्वर मंदिरातल्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८चा लेख आहे, मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक. वाचणाऱ्याला त्यात विजयाचा आशीर्वाद दिला आहे. ठरवून केलेली गाडी सगळ्यांना घरापर्यंत सोडणार होती, त्यामुळं कुणीच घड्याळ बघितलं नाही. परतीच्या वाटेवर जोरदार वाद झाला. हजार वर्षांपूर्वी वाचता येणारी माणसं ती किती, आणि त्यातही इतक्या उंचावरचं मान वर करून वाचणार कोण? मग तो आशीर्वाद नेमका कुणासाठी? एरवी वर्गात तोंड न उघडणारी अक्कलकोटची मैत्रीण सगळ्यांत जास्त बोलली. ती इतकी हुशार आहे, हे आम्हाला दीड वर्षानं कळलं.

घरी पोचायला साडेनऊ वाजले. आईनं उशिराबद्दल काही विचारलं नाही. “काय लिहिलंय तिथं?” एवढंच विचारलं. मी सांगितलं. ती शिवता शिवता म्हणाली, “वाचायला सवड पण पाहिजे की.”

विद्यापीठ जवळ आलं म्हणून आमच्यासारख्या मुली आत आल्या. हे फार मोठं काम झालं. पण शिकणं तास संपल्यावरही चालू राहावं लागतं. कुणाशी तरी वाद घालत, ग्रंथालयात उगाच एखादं पुस्तक चाळत. त्यासाठी प्रवेश पुरत नाही, वेळ लागतो. आणि मुलीचा वेळ घर सोडत नाही, विद्यापीठ कितीही जवळ असलं तरी.

यंदा मावशीच्या मुलीनं तिथंच प्रवेश घेतला. मावशीनं मला विचारलं, हॉस्टेल मिळेल का? मी म्हटलं, गावात घर असणाऱ्याला कोण देणार? ती थोडा वेळ गप्प बसली. मग मुलीला म्हणाली, “सहापर्यंत तिथंच बसून अभ्यास कर. घरातलं मी बघते. आणि फोन करत बसू नकोस, येशील तेव्हा येशील.”