गोड कढी

मालवण,
८ जून २०२५

प्रिय ताई,

तुझ्या अमृत कोकमाची बाटली संपली. फोनवर सांगायला जीभ रेटेना, म्हणून लिहितेय. एप्रिलअखेर तू आईबरोबर बसून रातांबे फोडलेस, एकेका वाटीत साखर भरलीस, बरणी आठवडाभर उन्हात ठेवलीस आणि निघताना बॅग जड झाली म्हणून बाटली इथेच ठेवून डोंबिवलीला गेलीस. तिची कढी झाली, ताई. सोलकढी.

१७ मेच्या शनिवारी कॉलेजातल्या पाच मैत्रिणी आल्या होत्या, तिघी कोल्हापूरच्या आणि दोघी पुण्याच्या. १ जूनला मासेमारी बंद व्हायच्या आत ताजी सुरमई खायला या, असं मीच दोन वर्षं त्यांच्या मागे लागले होते. दुपारी होडीने किल्ला बघून झाला. संध्याकाळी खळ्यात चटया घातल्या. आई वड्यांच्या कढईपुढे, मी नारळांपुढे. चार नारळांचा रस काढला, लसूण-मिरची ठेचून घातली आणि नेमकी वीज गेली. फडताळात चाचपून बाटली काढली. आगळाची आणि तुझी, दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी, सारख्याच काळपट लाल. चिठी एकीवरही नव्हती. आईला ती लागतच नाही, बूच उघडलं की तिला वासावरून कळतं. ओतताना धार दाट आली. मला वाटलं, यंदाचं आगळ चांगलं उतरलंय. रंगही हवा तसा चढला. आगळात मीठ असतंच, म्हणून वरून घातलं नाही. चाखायचं काम नेहमी आईचं, आणि तिचे हात पिठात.

पहिला पेला कोल्हापूरच्या एकीने घेतला. घोट घेऊन जरा थांबली, मग गुपचूप संपवला. दुसरीनेही संपवला. पुण्याची एक सावकाश म्हणाली, "छान आहे. लसूण छान लागतो." मला केवढा आनंद झाला! मी वाढत राहिले, त्या पीत राहिल्या. मालवणची खरी कढी अशीच असते, साखरेची आणि लसणीची, असं पाचहीजणींनी मनाशी धरलं होतं, आणि यजमानाचं मन मोडायचं नाही म्हणून कोणी दुसरीकडे बघतही नव्हती.

आई सगळ्यांच्या शेवटी बसली. भातावर कढी घेतली, एक घास खाल्ला आणि तिचा हात तसाच थांबला.

"ह्या काय गो? कढी गोड कशी लागता?"

मी बोट बुडवून चाखलं. खळ्यात कोणी बोलेना. मग कोल्हापूरची मैत्रीण हळूच म्हणाली, "म्हणजे ती अशी नसते?"

त्यावर जे हसू फुटलं, ते गडग्यापलीकडच्या काकींनी ऐकलं. त्या आल्या, घोटभर चाखली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "आगळ आसा माझ्याकडे, हाडतंय."

पुन्हा नारळ फोडले. या खेपेला आडाळ्यावर बसायला पाचहीजणी पुढे. कंदिलाच्या उजेडात खोवणं चालू असताना आई त्यांना सांगत होती, रातांब्याच्या साली मिठात मुरवून रोज ढवळायच्या की आगळ, साखरेत घातल्या की सरबत, रसात बुडवून पुन्हा पुन्हा वाळवल्या की आमसुलं, आणि बियांतून मुठेल, भेगा पडलेल्या टाचांसाठी. इतकी वर्षं मी हे सगळं घरात बघत आले, पण असं ओळीने सांगताना तिला प्रथमच ऐकलं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण आपल्या घरातलं कोकम त्या रात्री पाच परक्या मुलींना आईच्या तोंडून कळलं, याचं मला जास्त समाधान आहे. दहाच्या पुढे दुसरी कढी झाली. आंबट-खारट घोट घेताच पुण्याच्या मैत्रिणीने डोळे गच्च मिटले. उघडले आणि पेला पुढे केला.

तुझी बाटली भरून द्यायचा विचार होता. पण यंदा २५ मेलाच मोसमी पाऊस देवगडला पोचला. परड्यातले रातांबे झाडाखाली भिजून सडले, आणि ऊन नाही तर साखरेचं कोकम होणार कसं? तुझ्या हातचं होतं ते, आणि वर्षभर पुरवून प्यायचीस. माझ्या जिवाला ते फार लागलंय.

पावसाच्या आदल्या दिवशी आईने दोन टोपल्या उतरवून घेतल्या होत्या. त्यांचं आगळ घातलं, रोज मीच ढवळलं. एक बाटली बुधवारी मामांबरोबर पाठवतेय. तिच्यावर मोठ्या अक्षरांत 'आगळ' लिहून चिठी चिकटवलीय. आई बघून म्हणाली, "चिठी कित्याक? तिका सांग, वास घे."

तुझी,
धाकटी