भट्टीचा गिलावा आणि यतना

सावंगी (मेघे) हे वर्धा शहराला लागून, वैद्यकीय महाविद्यालयाच्या आधाराने वाढलेले गाव. अशा गावातील एखाद्या बंगल्याच्या परसात उद्या लाकडावर चालणारी पिझ्झाची भट्टी दिसली, तर नवल वाटू नये. कांदा, लसूण व बटाटा वर्ज्य करून पिझ्झा जैन घरांत केव्हाच रुळला आहे. मात्र विटांचा घुमट उभा राहिला आणि पहिला पिझ्झा भाजून निघाला की काम संपले, असे मानण्याची रीत आहे. बाहेरचा गिलावा ही केवळ शोभा समजून सवडीवर टाकली जाते. श्रावकाच्या घरी मात्र तो सर्वांत आधी हिशेबात धरावयास हवा.

न लिंपलेल्या घुमटाच्या फटींत मुंग्या बिऱ्हाड करतात, कोळी जाळे विणतो, पाल अंडी घालते. भट्टी महिन्यातून एखाद्या दिवशी पेटते. उरलेले दिवस ती या जीवांचे घर असते. पाहुणे आले की त्याच घरात अग्नी पडतो. श्रावकाने टाळावयाच्या 15 कर्मादानांत अंगारकर्माचा, म्हणजे भट्ट्यांवर चालणाऱ्या उपजीविकेचा, समावेश आहे. घरगुती भट्टी हा व्यापार नव्हे. तरी त्यामागील इशारा परसातही लागू पडतो.

गिलाव्याला घाई चालत नाही. विटांच्या सांध्यांतील ओल प्रथम लहान लहान जाळाने अनेक दिवस हळूहळू घालवावी लागते. ओल आत कोंडली तर तिची वाफ होते आणि घुमट तडकतो. त्यानंतर उष्णतारोधक थर, त्यावर तारेची जाळी व शेवटी चुना-वाळूचा लेप, असा क्रम आहे. निव्वळ सिमेंटचा कडक लेप तापून-निवून भेगाळतो. चुना आतील बाष्पाला वाट देतो. वर्ध्याची काळी माती तर या कामी निरुपयोगीच. ती ओलीने फुगते, उन्हाने फाटते. म्हणून पायाही जपूनच घालावा लागतो. वैशाखातील उन्हात चुना घट्ट होण्याआधीच सुकून जातो आणि पावसाळ्यात ओल हटत नाही. तेव्हा चातुर्मास संपल्यानंतरचे थंडीचे दिवस या कामाला उत्तम. लेप सावलीत ठेवून काही दिवस पाणी शिंपडावे. धुराड्याच्या तोंडाला बारीक जाळी व भट्टीच्या तोंडाला घट्ट झाकण बसले, म्हणजे बाह्यांग पूर्ण झाले.

उष्णतारोधक थर आणि गिलावा यांचा आणखी एक लाभ आहे. उष्णता आत टिकली की लाकूड कमी लागते आणि भट्टी लवकर तापते. दुपारी पेटविलेल्या भट्टीवर सूर्यास्तापूर्वी भोजन उरकते. उघड्या घुमटाची उष्णता बाहेर निसटते, जेवण लांबते, दिवा लावावा लागतो आणि दिव्यावर पतंग येतात. रात्रिभोजनत्यागाचा नियम येथे गिलाव्याच्या जाडीशी येऊन भिडतो.

सावंगीपासून सेवाग्राम दूर नाही. 1936 साली गांधीजी तेथे राहावयास गेले, तेव्हा त्या गावाचे नाव शेगाव होते. तेथील बापूकुटीच्या मातीच्या भिंतीवर मीराबेन यांनी मातीतच उठावदार ताडाची झाडे काढली. भिंत राखणारा लेप आणि तिची शोभा तेथे निराळी नाहीत. महागड्या फरशा व रंगीत काचतुकडे चिकटवून भट्टी मिरविणाऱ्यांनी ती भिंत एकदा अवश्य पाहावी.

तथापि, सर्वोत्तम गिलावाही डोळ्यांची जागा घेत नाही. पेटविण्यापूर्वी झाकण काढून आत पाहणे, पूंजणी फिरविणे, प्रत्येक लाकूड उलटून व झटकून घेणे, किडलेले लाकूड बाजूला ठेवणे, हे यजमानाचे काम आहे. ते नोकरावर सोडू नये. गिलावा फटी बुजवितो. यतना मात्र दर वेळी नव्याने करावी लागते.