ठसा



"तू ऑफिसात नक्की काय करतेस?" असं मंडळाच्या पिकनिकला कुणी विचारलं, की मी "ड्राफ्टिंग" एवढंच म्हणून बटाटेवड्याकडे वळते. पण गेल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगण्यासारखी आहे.

आम्ही फायबर ऑप्टिक केबलच्या आकृत्या काढतो. केसाएवढ्या जाडीच्या काचेच्या तारा. 144 तारांच्या केबलमध्ये सहसा 12 नळ्या आणि प्रत्येक नळीत 12 तारा. ओळखण्यासाठी रंग ठरलेले: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी आणि शेवटी फिका निळसर-हिरवा. इथले टेक्निशियन हा क्रम पाढ्यासारखा म्हणतात.

कोणती तार कोणत्या तारेला जोडायची, याची आकृती प्रत्येक जोडाला लागते. दर वेळी नव्यानं कोण काढणार? म्हणून एकदा नीट काढायची आणि ऑटोकॅडमध्ये 'डब्ल्यूब्लॉक' ही आज्ञा देऊन तेवढाच भाग वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचा. मग रांगोळीच्या छापासारखा हवा तिथे उमटवायचा. माझ्या ठशात बाराही रेघा आपापल्या रंगात होत्या. पडद्यावर तर पैठणीचा पदरच!

एका रात्री दोन वाजता फोन वाजला. अशा वेळी आपल्याला आधी भारतच आठवतो. थरथरत उचलला, तर आमचा टेक्निशियन. त्याच्या हातात काळ्या-पांढऱ्या प्रिंटची झेरॉक्स होती. मधे एकमेकींना ओलांडणाऱ्या रेघांतली निळी कुठली नि जांभळी कुठली, कळेना. त्यानं अंदाजानं जोडल्या, त्या उलट निघाल्या. एका दवाखान्याची लाइन पहाटेपर्यंत बंद राहिली. सुदैवानं कुणाला काही झालं नाही, पण मला उरलेली रात्र झोप लागली नाही.

सकाळी सासूबाईंना सांगितलं. त्या तेव्हा आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी कागद पाहिला नि म्हणाल्या, "अगं, काळा मसाला आणि गोडा मसाला रंगावरून ओळखायला जाशील तर फसशील. म्हणून मी डब्यावर नाव लिहिते."

ऑफिसात गेल्यावर प्रत्येक रेघेच्या दोन्ही टोकांना तारेचा क्रमांक आणि रंगाचं नाव लिहिलं. केबलच्या नावासाठी अशी जागा ठेवली, की ठसा ठेवताना संगणक ते दर वेळी विचारतो. वाटलं, झालं काम. पण फाइल सुधारली तरी आधीच्या आकृत्यांत जुनाच ठसा बसलेला होता! ऑटोकॅड प्रत्येक आकृतीत ठशाची स्वतंत्र प्रत ठेवतं. 17 आकृत्या एकेक करून उघडल्या, नवा ठसा त्याच नावानं पुन्हा घातला आणि प्रत्येकीची काळी-पांढरी प्रत काढून डोळ्यांनी तपासली.

ठशामुळे मेहनत वाचते हे खरं, पण त्यातली चूकही तितक्याच सहज सगळीकडे जाते. आता कुठलीही आकृती देण्याआधी मी तिची झेरॉक्स काढून पाहते. आपलं हे पत्रकही झेरॉक्सवरच निघतं. तेव्हा स्नेहसंमेलनाचा नकाशा काढणाऱ्यांना एकच विनंती: पार्किंग "हिरव्या रंगात" दाखवू नका. सरळ 'पार्किंग' असं लिहा!